अल्पाका पैदास: जनावर नंतर, वजनकाटा आधी

प्रश्न: घरच्या घरी सांभाळता येईल असा छोटा कळप करायचा आहे. विकणारा म्हणतो, एक नर आणि एक गाभण मादी पुरे, पाच वर्षांत गोठा भरेल.

जोडी घेऊ नका. अल्पाका हे उंटाच्या कुळातलं, लोकरीसाठी पाळलं जाणारं आणि कळपात राहणारं जनावर आहे, किमान तीन माद्या हव्यात. नराची तर पहिल्या वर्षी गरजच नाही. तो मादीबरोबर मोकळा सोडला की सतत अंगावर जातो, गर्भाशयाला संसर्ग होतो आणि पुढे त्याच्याच मुली त्याच्यासमोर उभ्या राहतात. खात्रीचा नर भरवणीपुरता, म्हणजे मादीला नर दाखवण्यापुरता, आणा.

गोठा भरण्याचा हिशेब कागदावरच राहतो. गाभणकाळ साधारण साडेअकरा महिने, पिल्लू एकच, जुळी अगदी क्वचित. त्यातले निम्मे नर, आणि बहुतेक नर खच्ची करून लोकरीसाठीच ठेवावे लागतात. अमेरिकेत पैदाशीच्या माद्यांचे भाव असेच चढले होते, लोकरीच्या उत्पन्नाशी त्यांचा काही मेळ नव्हता. 2008 च्या मंदीनंतर ते कोसळले. विकणारा लोकरीचं उत्पन्न सोडून फक्त पिल्लांचे भाव सांगत असेल तर तिथूनच परत फिरा.

प्रश्न: मादी 11 महिन्यांची आहे. व्यापारी म्हणतो आत्ताच भरवा. भरल्यावर गाभण राहिली हे कसं ओळखायचं?

आत्ता नाही. वय 12 ते 18 महिने आणि वजन पूर्ण वाढीच्या निदान 60 ते 65 टक्के, दोन्ही जमल्यावरच. नरालाही अडीच-तीन वर्षांचा होईपर्यंत घाई नको.

गाईसारखा ठरावीक माज इथे नसतो, भरवल्यानंतरच बीज सुटतं. म्हणून दोन आठवड्यांनी नर समोर आणा. मादी थुंकली, लाथा झाडल्या, पळाली तर बहुधा गाभण आहे, खाली बसली तर नाही. एवढ्यावर विसंबू नका. महिनाभराने सोनोग्राफी करा आणि दोन महिन्यांच्या सुमारास पुन्हा करा, कारण सुरुवातीचे गर्भ बरेच गळतात. भरवणीची तारीख उलटी मोजून ठरवा, वेत कडक उन्हाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत येता कामा नये. अल्पाका बहुतेक वेळा सकाळी ते दुपारच्या आत विते. रात्री कळा दिसल्या तर पशुवैद्याला बोलवा, दुकानातून आणलेलं कळांचं इंजेक्शन स्वतः टोचू नका.

प्रश्न: दुकानदाराने दर महिन्याला जंताचं औषध द्यायला सांगितलं आहे. मात्रा मेंढीची. सोबत गाईचं खाद्य दिलं आहे.

दोन्ही थांबवा. आज थांबवा.

लेंड्या तपासल्याशिवाय जंतनाशक नाही. दर महिन्याला औषध पाजलं की त्याला न जुमानणारे जंत तुमच्याच कुरणात तयार होतात, मग रक्त पिणाऱ्या जंतावर काही चालत नाही. मेंढीची मात्राही अल्पाकाला जशीच्या तशी लागू होत नाही. काही औषधं कमी पडतात, काही जिवावर बेततात. मात्रा पशुवैद्याकडूनच घ्यायची आणि ती वजनावर. उत्तर अमेरिकेत हरणांमुळे पसरणाऱ्या, मज्जारज्जूत शिरणाऱ्या जंतासाठी काही ठिकाणी दरमहा औषध देतात, ते तिथलं गणित आहे.

खाद्याचं आणखी गंभीर. गाई-कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं मिसळलेली असतात, ती अल्पाकाला मारतात. पिशवीवरचं लेबल वाचल्याशिवाय एक मूठही घालू नका. गाईच्या खनिज मिश्रणातलं तांबंही यकृतात साठतं. चांगलं वाळलेलं गवत, स्वच्छ पाणी आणि याच जनावरासाठी बनवलेलं खनिज मिश्रण बहुतेक कळपाला पुरतं.

आता माझा हट्ट. पहिलं जनावर आणण्याआधी वजनकाटा घ्या. दर महिन्याला वजन, आणि पाठीच्या कण्यावर हात. लोकरीखाली जनावर हाडांवर आलेलं असतं आणि बाहेरून गुबगुबीत दिसतं, मालकाला कळतं तेव्हा ते उठता न येण्याइतकं बसलेलं असतं. नवं पिल्लू पहिले दोन आठवडे रोज तोला. चीक पहिल्या सहा तासांत पोटात गेलाच पाहिजे. वजन वाढत नसेल तर त्याच दिवशी आईचं दूध पुरतंय का ते बघा.

प्रश्न: अनुदान, विमा?

अनुदान मंजूर झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत जनावर घेऊ नका. विम्यात वांझपण धरलंय का ते लेखी विचारा. परदेशातून आणणार असाल तर परवाना आणि विलगीकरण आधी.

प्रश्न: आई दूध देत नाही, नर पिल्लू मुलांनी बाटलीवर वाढवलं तर?

बाटली द्या, पण पिल्लू कळपातच ठेवा, घरात नाही. माणसांत वाढलेला नर मोठेपणी माणसालाच प्रतिस्पर्धी समजतो आणि अंगावर येतो. अशा नराला पैदाशीसाठी ठेवू नका, लवकर खच्ची करण्याबद्दल पशुवैद्याशी बोला. कोणी माणसाळलेला नर म्हणून जादा पैसे मागितले तर घेऊच नका.