वाचकांचे प्रश्न : संदेशातील चुका आणि चुंबकाचे गणित

प्रश्न : चुका दुरुस्त करणाऱ्या कोडची क्षमता तपासण्यासाठी चुंबकांचे भौतिकशास्त्र वापरतात, असे वाचनात आले. मोबाइलवरच्या संदेशाचा चुंबकाशी काय संबंध? – एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : संबंध गणिताचा आहे आणि तो तंतोतंत आहे. संदेशातील प्रत्येक बिटाच्या (० किंवा १) जागी वर किंवा खाली तोंड असलेला एक स्पिन, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबक, माना. पॅरिटीची प्रत्येक अट (ठरावीक बिटांमध्ये १ ची संख्या सम हवी, अशी) म्हणजे काही स्पिनांमधील परस्परक्रिया, तर नॉइज (वाटेतली गडबड) मिसळून हाती आलेला संदेश म्हणजे प्रत्येक स्पिनला आपल्याकडे ओढणारे क्षेत्र; मूळ संदेशाचा शोध मग कमीत कमी ऊर्जेच्या रचनेचा शोध ठरतो. ही जुळणी निकोलस सूर्ला यांनी १९८९ मध्ये मांडली आणि स्पिन ग्लाससाठी (ज्यात स्पिन विस्कळीत दिशांनी गोठतात अशा पदार्थांसाठी) घडलेली रेप्लिका पद्धत ही गणिती रीत कोडच्या अभ्यासकांच्या हाती आली.

या जुळणीचे खरे मोल एका उदाहरणात दिसते. रॉबर्ट गॅलागर यांच्या एलडीपीसी कोडमध्ये (यात प्रत्येक अटीत मोजकेच बिट असतात; ५जीमध्ये डेटासाठी याच कुळातले कोड वापरतात) समजा प्रत्येक बिट ३ अटींत आहे आणि प्रत्येक अटीत ६ बिट आहेत. वाटेत बिट पुसले जात असतील (ते ० की १ हे कळत नसेल), तर अटींमागून अटी तपासत मूळ संदेश शोधणारा वेगवान डीकोडर सुमारे ४२.९ टक्के बिट पुसले जाईपर्यंतच टिकतो. सगळी समीकरणे एकत्र सोडवली, तर हाच कोड ४८.८ टक्क्यांपर्यंत तग धरतो. शॅननची मर्यादा, म्हणजे इतकीच माहिती पाठवणाऱ्या कोणत्याही कोडला ओलांडता न येणारी सीमा, ५० टक्के आहे. म्हणजे मधल्या पट्ट्यात कोड शाबूत असतो, अडखळतो तो डीकोडर.

हे का घडते, ते भौतिकशास्त्र फार नेमके सांगते. थंडीच्या लाटेत निफाडच्या द्राक्षबागांत दव गोठते, पण शुद्ध पाणी शून्याखालीही काही काळ द्रवच राहते आणि बर्फाचा एखादा कण मिळताच गोठत जाते. डीकोडरही असाच अर्धस्थिर अवस्थेत अडकतो. म्हणून अनेक कोड साखळीसारखे जोडून टोकांचे बिट जरा सोपे ठेवतात. तिथे सुरू झालेली दुरुस्ती आत पसरत जाते आणि वेगवान डीकोडरही ४८.८ टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. कुडेकर, रिचर्डसन व उरबांके यांनी २०११ मध्ये याची सिद्धता दिली. टोकांपायी थोडी माहिती कमी पाठवता येते, पण साखळी लांबवली की तो तोटा घटतो.

अडकणे कॅल्क्युलेटरवरही पाहता येते. पुसले जाण्याचे प्रमाण प घ्या; अजून न उलगडलेल्याचे प्रमाण क्ष माना आणि सुरुवातीला क्ष = प ठेवा. एकातून क्ष वजा करून पाचवा घात घ्या, तो एकातून वजा करा, वर्ग करून प ने गुणा. येईल तो नवा क्ष. हेच करत राहिल्यास प = ०.४२ असताना क्ष शून्याकडे जातो, ०.४४ असताना मात्र ०.३३ च्या आसपास थांबतो.