कोर्टावरच्या कादंबरीत पात्रं एवढी भारी असूनही थरार का वाटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की अमेरिकेतल्या एका खुनाच्या खटल्यावरची जाडजूड कादंबरी वाचताय, बचावाची वकीलबाई, स्मृतिभ्रंश झालेले तिचे रिटायर्ड जज वडील, समोर सरकारी वकील म्हणून तिचाच जुना ज्युनिअर, सगळे अगदी डोळ्यासमोर उभे राहतात, तरी अर्ध्याच्या पुढे येऊनही एकदा म्हणून धडधडलं नाही. मग दोष तुमचा की पुस्तकाचा, आणि पुढचा भाग विकत घ्यावा का.

दोष पुस्तकाचा. वर्णनावरून मी वाचलेलीच दिसतेय, घाबरू नका, शेवट फोडत नाही.

मी लॉ करून काही वर्षं शिवाजीनगर कोर्टात एका सीनिअर वकिलांच्या हाताखाली फायली वाहिल्यात, आता बाणेरला एका कंपनीत बसून अ‍ॅग्रीमेंटं वाचतो, त्यामुळे या प्रकारची पुस्तकं दिसली की सोडवत नाहीत. तुमच्या प्रश्नाखाली एकाने लिहिलंय की खरं कोर्ट असंच बोअर असतं, लेखक प्रामाणिक आहे. अर्धं बरोबर आहे ते. आमच्याकडे बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत, केस असते, पुकारा होतो, साक्षीदार आलेला नसतो, पुढची तारीख. आलाच तर वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, ते जजसाहेब आपल्या भाषेत स्टेनोला सांगतात, तो टाइप करतो, मग पुढचा प्रश्न. उलटतपासणीच्या शेवटी वकील हमखास म्हणणार की तुम्ही आरोपीविरुद्ध खोटी साक्ष देताय, आणि कागदावर उतरणार, "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." सिनेमात साक्षीदार जिथे ढसाढसा रडून गुन्हा कबूल करतो तिथे आमच्याकडे हे एवढं एक वाक्य येतं. पण म्हणून खटल्यात थरार नसतो असं अजिबात नाही.

नानावटी खटला बघा ना. १९५९ सालचा, नौदल अधिकारी नानावटीने बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या तो. गोळ्या कोणी झाडल्या हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत, माणूस स्वतःहून पोलिसांकडे हजर झालेला. म्हणजे 'खुनी कोण' हा प्रश्नच नाही, तरी अख्खी मुंबई पेपरची वाट बघायची. कशाची? तर मधल्या दोन-तीन तासांची. बायकोने प्रेमप्रकरणाची कबुली दिल्यावर हा माणूस तिला आणि मुलांना सिनेमाला सोडतो, बोटीवर जातो, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतो, आहुजाच्या ऑफिसात जातो, तिथे नाही म्हटल्यावर त्याच्या घरी. हे संतापाच्या भरात झालं म्हणायचं की ठरवून? आणि तो टॉवेल! बचाव म्हणतो झटापट झाली, सरकार पक्ष म्हणतो अंघोळ करून आलेल्या माणसाच्या कमरेचा टॉवेल जागेवरच होता, झटापटीत तो सुटला कसा नाही. ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, जजना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. यात बघा, तो माणूस कसा आहे, तापट की थंड डोक्याचा, हाच खटल्याचा प्रश्न होता. स्वभाव आणि पुरावा वेगळे काढताच येत नव्हते.

तुमच्या कादंबरीत नेमके तेच वेगळे पडलेत. बाईचं एकटेपण, वडिलांचं हळूहळू विसरत जाणं, ज्युनिअरच्या मनातली अढी, सगळं सुंदर लिहिलंय, वडील रात्री उठून स्वयंपाकघरात जुन्या खटल्याचं निकालपत्र पाठ म्हणतात तो प्रसंग तर मी दोनदा वाचला. पण यातलं काहीही खटल्याला जाऊन लागत नाही. बाईच्या जागी दुसरी कुठलीही हुशार वकील ठेवा, केस तशीच चालेल. मोठ्या फर्ममध्ये पगारी आहे, हरली तर हळहळेल, बाकी काय जाणार आहे तिचं? केसला कलाटणी मिळते ती कशाने, तर पोस्टाने आलेल्या एका पाकिटाने! पाठवणारा आधी कधी पुस्तकात दिसलेलाच नाही. (हे तुम्ही वाचून झालंय, तुमच्याच प्रश्नात उल्लेख आहे, म्हणून बोलतोय.) तीनशे पानं आपण ज्या माणसांत गुंतलो त्यांच्यातल्या एकानेही ते पाकीट मिळावं म्हणून बोटसुद्धा हलवलेलं नाही.

दुसरं म्हणजे आरोपी निर्दोष आहे हे लेखक पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतो आणि बाईलाही त्याची खात्री आहे. आता खरी गंमत तिथेच होती. तिकडच्या नियमाप्रमाणे अशिलाने सांगितलेलं गुपित वकिलाने फोडायचं नाही आणि खोटी साक्ष जाणूनबुजून कोर्टापुढे आणायचीही नाही. म्हणजे बाईला मनातून शंका असती आणि आरोपी म्हणाला असता की मला पिंजऱ्यात उभं राहून बोलायचंय, तर तिची झोप उडाली असती, आपलीही. लेखकाने ते दारच बंद करून ठेवलंय.

तसंच ज्युरीचं. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी राहिलीच नाही, जज निकाल देतो आणि का दिला ते पानंच्या पानं लिहितो. तिकडे बारा परकी माणसं बंद खोलीत बसतात, कारण सांगायला बांधील नाहीत, आणि गंभीर गुन्ह्यात सगळ्यांचं एकमत लागतं, एक जण अडून बसला की खटला लटकला. एवढं आयतं यंत्र हातात असून या माणसाने बारातल्या एकाचाही चेहरा आपल्याला दाखवलेला नाही. निवड होते तेव्हा दीड पान, आणि मग थेट निकालाला उभे! लेखकाला घरातली माणसं जमतात, कोर्टात शिरला की तो रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाची रुक्ष रोजची नोंद, लिहायला लागतो.

पुण्यातलंच उदाहरण द्यायचं तर जोशी-अभ्यंकर खून खटला (ही बळी गेलेल्या कुटुंबांची नावं). आमच्या आईच्या पिढीला अजून आठवतं, संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस पडायचे, दार वाजलं की आधी खिडकीतून बघायचं. १९७६-७७ मध्ये दहा खून, पाच कॉलेजकुमार, त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला आणि बाकी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. माफीचा साक्षीदार म्हणजे बघा, स्वतः त्यात होता, काल ज्यांच्याबरोबर चहा प्यायला त्यांच्यासमोर उभं राहून बोलायचंय, सगळं खरं आणि पूर्ण सांगितलं तर माफी, काही लपवलं तर माफी जाऊन परत आरोपी. अशा माणसाला कादंबरीत आणलं की त्याने नुसतं पाणी मागितलं तरी आपण पुढे सरकून बसतो. आणि तुमच्या पुस्तकात असा माणूस आहे! आरोपीचा धाकटा मित्र, जो त्या रात्री गाडीत होता. त्याला लेखकाने काय दिलंय तर गिटार आणि एक प्रेमप्रकरण. साक्ष अडीच पानांची. मला तिथे पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटलं होतं, पण वाचनालयाचं होतं.

तेव्हा तुमचं काही चुकत नाहीये. पात्रं आवडली म्हणून थरार वाटलाच पाहिजे असं काही नसतं, मला तर उलट पात्रं इतकी चांगली होती म्हणूनच जास्त चिडायला झालं. आता अर्ध्यावर आलाच आहात तर सोडू नका, पण खुनाचा खटला म्हणून वाचायचं थांबवा, बाप-लेकीची गोष्ट म्हणून वाचा. तज्ज्ञ साक्षीदारांची दोन प्रकरणं येतील, गोळीचा कोन वगैरे, ती खुशाल चाळा, काही बिघडत नाही. वडिलांची एकही ओळ मात्र गाळू नका.

पुढच्या भागाचं म्हणाल तर मी आणलाय, सुरुवातीची काही प्रकरणं झालीत. यावेळी ज्युनिअर स्वतःच अडकलाय आणि बाईला त्याचं वकीलपत्र घ्यायचं की नाही ते ठरवायचंय, त्यामुळे जरा आशा आहे. पण विकत घेऊ नका, वाचनालयातून आणा. आमच्या वाचनालयातली प्रत सध्या माझ्याकडेच आहे, पंधरा तारखेपर्यंत परत करतो.