महापौरातला ‘महा’ कुणाचा?

प्रश्न असा आहे: ‘अमेरिकेतल्या महापौरांच्या वार्षिक परिषदेत राष्ट्रीय धोरणावरचे ठराव पारित होतात, असं वाचलं. तिथे तीस-चाळीस हजार वस्तीच्या गावांचे मेयरही असतात म्हणे. त्यांना महापौर म्हणावं की नगराध्यक्ष?’

आधी ते ‘पारित’ बाजूला ठेवा. मराठीत ठराव मंजूर होतो, संमत होतो, आवाजी मतदानाने होतो किंवा हात वर करून होतो, बारगळतो, तहकूब होतो. आणि महापालिकेचा असला तर राज्य सरकार तो विखंडितही करतं, म्हणजे रद्द करतं. इतकी क्रियापदं घरात असताना ‘पारित’ कशाला? परवा एका वाहिनीच्या पट्टीवर तासाभरात चारदा दिसला. हा शब्द हिंदीच्या दारातून आला, आणि मला तर तो ‘पास’चंच सोवळं नेसलेलं रूप वाटतो. असो.

आता मेयर. प्रश्नामागची समजूत अशी, की महानगरपालिका असेल तिथे महापौर, नगरपरिषद असेल तिथे नगराध्यक्ष. तेव्हा महापौरातला ‘महा’ महानगरातून आला. कायद्याच्या वाटणीपुरतं हे खरं. व्युत्पत्ती म्हणून साफ चूक. महानगरपालिकेत ‘महा’ नगराला लागलाय, महापौरात तो पौराला लागलाय. पौर म्हणजे पुरात राहणारा, नागरिक. महापौर म्हणजे मोठा नागरिक. सत्कार समारंभात निवेदक ‘शहराचे प्रथम नागरिक माननीय महापौर’ म्हणतो, तेव्हा तो एकच गोष्ट दोनदा म्हणत असतो. गाव लहान असलं म्हणून त्यातला पहिला नागरिक लहान होत नाही.

शब्द सावरकरांचा. भाषाशुद्धीतले त्यांचे सगळेच शब्द माझ्या गळी उतरत नाहीत, पण इथे मात्र गंमत झाली आहे. ‘मेयर’चं मूळ लॅटिन ‘माइओर’, म्हणजे ‘अधिक मोठा’. सैन्यातला मेजर त्याचाच सख्खा भाऊ. हे ‘माइओर’ ‘मॅग्नुस’चं तुलनादर्शक रूप, आणि ‘मॅग्नुस’, ग्रीक ‘मेगा’ नि आपला ‘महा’ ही एकाच मुळाची पोरं. तिकडे ‘ग’ तिथे इकडे ‘ह’, जसं लॅटिन ‘एगो’ आणि संस्कृत ‘अहम्’. (त्या खुर्चीत अहम् तसाही असतोच.) म्हणजे मेयरला हाकलून जो शब्द घडवला, त्याच्या पहिल्याच दोन अक्षरांत मेयरचा चुलतभाऊ बसलाय. वर ‘पौर’ जोडून आपण इंग्रजीत न उरलेली गोष्टही सांगितली: मोठा, पण कोणातला? नागरिकांतला.

आणि पौर हा साधासुधा रहिवासी नव्हे. जुनागढच्या खडकावर, जिथे अशोकाच्या आज्ञाही कोरलेल्या आहेत, तिथे शक राजा रुद्रदामनाचा इ.स. 150चा लेख आहे. वादळात सुदर्शन तलावाचा बांध फुटला, 420 हात लांबीचं भगदाड पडलं. मंत्र्यांनी एवढ्या कामाला नकार दिला, प्रजेत हाहाकार माजला. मग राजाने स्वतःच्या कोशातून खर्च केला, ‘अपीडयित्वा करविष्टिप्रणयक्रियाभिः पौरजानपदं जनम्’. कर, वेठबिगार आणि ‘प्रणय’ यांनी पौरजानपदांना न पिडता. (प्रणय म्हणजे इथे गोडीगुलाबीने मागितलेली जादा वर्गणी. आजचा अर्थ लावून हसू नका.)

इतिहासकार काशीप्रसाद जयस्वालांनी 1924 साली मांडलं की पौर आणि जानपद ही नुसती माणसं नव्हेत, त्या दोन सभा होत्या आणि राज्याच्या धोरणात त्यांचा शब्द चालायचा. आपल्या कोल्हापूरकडच्या अनंत सदाशिव आळतेकरांनी हे मोडीत काढलं: पौरजानपद म्हणजे शहरातले नि खेड्यातले लोक, बाकी कल्पनाविलास. पुढचे बहुतेक विद्वान आळतेकरांच्या मागे गेले. दोन सभागृहं हा जयस्वालांचा उत्साह जास्त झाला, हे मलाही कबूल. पण आळतेकरांचा फक्त ‘लोक’ मला पटत नाही. लोकच म्हणायचे होते तर त्याच ओळीत ‘जनम्’ आहे ना, मग आधी सहा अक्षरं कशाला खोदली? दगडावर छिन्नी चालवणारा शब्द फुकट घालवत नाही. रामायणातही रामाच्या यौवराज्याची गोष्ट निघाल्यावर ब्राह्मण आणि जनमुख्य ‘पौरजानपदैः सह’ बसून विचार करतात. पौर म्हणजे ज्याला विचारावं लागतं तो, असं माझं मत आहे. व्याकरणवाल्यांनी खुशाल नाकं मुरडावीत.

त्या अर्थाने अमेरिकेतली ती परिषद अस्सल पौरांची. 1932 पासून चालते, वस्ती 30,000च्या वर असलेल्या शहरांसाठी. ठराव आधी समित्यांत घासला जातो, मग सगळ्या सभेपुढे मतदानाला येतो. 2011 साली बाल्टिमोरमध्ये त्यांनी इराक-अफगाणिस्तानची युद्धं आवरा आणि तो पैसा घरच्या गरजांकडे वळवा, असा ठराव केला. बंधनकारक काहीच नाही, त्यामुळे विखंडित करायला कुणी धावलं नाही. खड्डे आणि गटारं सांभाळणाऱ्यांनी युद्धाच्या खर्चावर मत दिलं. करांचा भार पौरजानपदांवर टाकला नाही, असं जुनागढच्या खडकावर राजा सांगतो. इथे पौरच राजाला सुनावत होते.

आपल्याकडचं माप लावलं तर 30,000 वस्तीचं गाव ‘क’ वर्ग नगरपरिषदेत जाईल, आणि तिथला मेयर लोकांनी थेट निवडलेला असेल तर तो आपल्या नगराध्यक्षासारखाच. आपला महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभाराची चावी 1888च्या मुंबईच्या कायद्यापासून आयुक्तांच्या खिशात आहे. अधिकाराकडे बघून नाव द्यायचं तर कारभार स्वतः चालवणाऱ्या न्यूयॉर्कच्या मेयरलाही ‘महापौर’ म्हणता येणार नाही. तेव्हा तिथल्या सगळ्यांनाच सरसकट महापौर म्हणा. फक्त त्यांचे ठराव मंजूर होऊ द्या.