जप करूनही मन शांत होत नाही, मग माझंच काही चुकतंय का?

“रोज बसते मॅडम, पण मन लागत नाही. माझ्याच भक्तीत खोट असेल, म्हणून ह्यांना गुण येत नसेल का?”

कर्करोगाच्या वॉर्डात समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की, आता समोरच्या माणसाने हातातली माळ पदराआड सरकवली तरी पुढे काय येणार ते कळतं. बायका हा प्रश्न सरळ विचारतात. मुलगे आणि नवरे जरा आडून येतात, “ध्यानाचं ॲप टाकलंय मोबाइलवर, पण आमच्यासारख्यांना ते जमायचं नाही,” असं म्हणतात. त्यांना भेटायला येणारे नातेवाईक तर दाराशीच औषध सांगून जातात, ‘सकारात्मक राहा, मनापासून नाव घ्या, सगळं ठीक होईल.’ मग ठीक झालं नाही, तर मनापासून घेतलं नव्हतं, असा हिशेब आपोआप होतो. तो चुकवायला रात्रभर खाटेशेजारी बसणारी बाई एकटीच उरते.

अशाच एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना मी काकू म्हणायची, तेच इथेही म्हणते.

काकू साताऱ्याकडच्या. काकांना तोंडाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली, पुढे रेडिएशन सुरू झालं. तोंडातून गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, गावाकडून उपचारांसाठी आलेली किती तरी माणसं तिथे उतरतात. काकूही तिथेच होत्या. पुतण्याने त्यांना मोबाइलवर अर्ध्या तासाचं ध्यान पाठवलं होतं. पहाटे सगळी झोपलेली असताना काकू भिंतीला टेकून कानात ते लावून बसायच्या.

“काय होतं बसल्यावर?”

“तो बाबा म्हणतो, निळं आभाळ बघा. मला न्हाई दिसत आभाळ.”

“मग काय दिसतं?”

“काय बी. सोडा.”

मी सोडलं. पहिल्याच भेटीत कुणाच्या मिटल्या डोळ्यांमागे शिरू नये, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. फक्त एवढंच विचारलं, की नुसतं बसून तुम्हाला बरं वाटावं म्हणून बसता, की काकांना बरं वाटावं म्हणून? काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच खुळा प्रश्न विचारला. “त्यांच्यासाठीच की. मला काय धाड भरलीय?”

घोटाळा इथेच असतो. जप विम्याच्या हप्त्यासारखा भरायला लागलं, की मन शांत राहायचा प्रश्नच उरत नाही. दर हप्त्याला रिपोर्ट बघायचा, वजन बघायचं, डॉक्टरांचा चेहरा बघायचा. त्या धास्तीत घेतलेलं नाव विसावा कसा देणार?

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या, म्हणजे मनातल्या हटवादी समजुती तपासून बदलायच्या पद्धतीच्या मुशीत तयार झालेली. ही पद्धत मांडणारे अल्बर्ट एलिस 1955 च्या सुमाराला तिच्यासह पुढे आले. ते स्वतः देव मानत नव्हते. त्यामुळे सहकारी कधीकधी चिडवतात, की तुझ्यासारखीचं आध्यात्मिक आधाराच्या कामात काय काम? माझं उत्तर ठरलेलं आहे. मी कुणाच्या देवाशी वाद घालत नाही. ‘मी नीट केलं तर हे टळायलाच पाहिजे, आणि टळलं नाही तर मी नालायक’ या अटीशी वाद घालते. देव तिथल्या तिथे राहतो, अट तेवढी निघते. आणि वाद घालायचा तो त्या माणसाच्याच भाषेत, त्याच्याच घरातले दाखले घेऊन. या कामात मला काही जमत असेल, तर ते एवढंच.

काकूंच्या घरात वारी होती. सासरे माळकरी. हे मला त्यांच्या बोलण्यातूनच कळलं होतं, ते मी मनात ठेवलं होतं.

पुढच्या एका भेटीत गाडी परत तिथेच आली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला घरी सोडलं होतं, त्याच्या बायकोचा उपास फळाला आला, असं वॉर्डभर झालं होतं. काकू म्हणाल्या, “तिची भक्ती खरी. माझी पोकळ.”

मी विचारलं, “काकू, तुमचे सासरे किती वारी करायचे?”

“जल्मभर. पाय गेले तवा कुठं थांबले.”

“ते कसे गेले?”

“दम्यानं. लई हाल झाले म्हाताऱ्याचे.”

“मग त्यांची भक्ती कमी पडली म्हणायची का?”

काकू एकदम ताठ बसल्या. मला वाटलं, रागावतात की काय. “न्हाई हां ताई. ते इठ्ठलाचेच होते. असं बोलायचं न्हाई.”

“नाही बोलत. मग त्यांना कशाने झालं?”

“दम्यानं. सांगितलं की. दमा होता त्यान्ला.”

“आणि काकांना?”

इथे त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. वॉर्डाबाहेर ट्रॉलीची चाकं वाजत होती. मी काहीही न बोलता बसून राहिले, कारण अशा वेळी समुपदेशकाने बोललेलं प्रत्येक वाक्य समोरच्याला पळवाट देतं.

“तंबाखूनं,” त्या म्हणाल्या. आणि मग बांध फुटला. “तीस वर्सं सांगत हुते. पोरं ल्हान हुती तवापासनं. डबी चुलीत टाकली दोनदा, दोन्ही टायमाला नवी आणली. मला म्हनाले, तुज्या बापाच्या पैशानं खातो का? आन आता नळी मी धरायची. डोळं मिटलं की ती डबीच दिसती मला. चुन्याची डबी. आभाळ कुठलं दिसतंय!”

त्या रडल्या, पण ते रडणं दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं. नंतर घाबरल्या. “आजारी मानसावर असा राग धरते मी. मग देव ऐकल का माझं?”

खरं दुखणं हे होतं. आजारी नवऱ्यावर रागवायची सोय नाही, गावात नाही, वॉर्डात नाही, स्वतःपाशीही नाही. त्यापेक्षा ‘माझी भक्ती पोकळ’ म्हणून स्वतःला कोसणं सोपं. अपराधीपणाला निदान चार लोक सहानुभूती देतात. मी पाहिलेल्या कित्येक शुश्रूषा करणाऱ्यांच्या ‘ध्यान जमत नाही’च्या मागे असा दाबलेला राग निघाला आहे. डोळे मिटून शांत बसा म्हटलं, की सगळ्यात आधी तोच वर येतो. माणसाला वाटतं, आपल्याला ध्यान येत नाही. वास्तविक जे ऐकून घ्यायला हवं होतं तेच समोर आलेलं असतं.

मी काकूंना विचारलं, “जनाबाईने विठोबाला काय काय सुनावलंय, माहिती आहे ना?”

त्या रडता रडता हसल्या. “शिव्याच घातल्यात की. आमच्या इथं भजनात म्हनत्यात.”

“मग विठोबाने तिला टाकलं का?”

“न्हाई. दळू लागला तिला.”

मला पुढे काही बोलावं लागलं नाही. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेचं घर उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या होत्या. वेदना नुसती शरीराची नसते, ती मनाची, घरादाराची आणि श्रद्धेचीही असते, आणि चारही मिळून एकच दुखणं होतं, ही त्यांची मांडणी. त्याच वाटेने आपल्याकडे वांद्र्याला 1986 मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं. मी पुस्तकात हे चार भाग वेगवेगळे वाचले होते. काकूंच्या त्या चुन्याच्या डबीत चारही एकत्र होते, आणि ते उलगडायला माझ्या पद्धतीचा एक साधा प्रश्न पुरला. याचं मला समाधान आहे, ते लपवत नाही.

त्यानंतर मी एकदा खाटेपाशीच गेले. काकू काकांना भरवत होत्या. खाटेचा डोक्याकडचा भाग वर केलेला, सिरिंजचा दांडा काढून नुसतं नळकांडं उंच धरलेलं, त्यात पातळ पेज. दाबून ढकलायचं नसतं, आपल्या वजनानं उतरू द्यायचं असतं, नाही तर पोट फुगतं, उलटी होते. घाई झाली की नर्स ओरडते. नळकांडं जरा वर धरलं की पेज भरभर उतरते, खाली घेतलं की रेंगाळते. काकूंचा हात बोटभर वर, बोटभर खाली होत होता. ओठ हलत होते. शेवटी पाणी सोडून त्यांनी नळी बंद केली.

“जप चालला होता?”

“जप न्हाई हो. हरिपाठ म्हनते. टायम धरायला. एक अभंग झाला की एक नळकांडं उतरतं.”

काका आमच्याकडे बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं, पण त्यांनी हाताने ‘अजून’ अशी खूण केली, आणि ती पेजेसाठी नव्हती. मी काकूंना म्हटलं, पहाटेचं ते निळं आभाळ बंद करा, तेवढा वेळ झोपा. बसायचं ते इथे, भरवताना, डोळे उघडे ठेवून. “आन राग आला तर?” “आला तर आला. हात बोटभर खाली घ्या.”

आता मुद्द्याचं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी आत्ता रुग्णालयाच्या बाकावरच बसलेलं असेल.

जपाने शरीरात काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. 23 निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि एक योगमंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. संथ म्हटलेल्या अभंगातही श्वास लांबतोच. म्हणून काकूंचे खांदे भरवताना सैल असायचे. पण तो परिणाम म्हणणाऱ्याच्या शरीरावर होतो. नवऱ्याच्या गाठीशी त्याचा संबंध जोडू नका, आणि जोडून देणाऱ्यांपासून चार हात लांब राहा, विशेषतः जे औषध बंद करायला सांगतात त्यांच्यापासून.

रुग्णाला वेदना असेल तर आधी वेदनाशामक. कळवळणाऱ्या माणसाला ‘श्वासाकडे बघा’ सांगणं मला क्रूर वाटतं. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, व्यसन लागेल म्हणून घाबरून बसू नका. ज्याला धाप लागते त्याला श्वासावर लक्ष द्यायला अजिबात लावू नका, घाबरगुंडी वाढते. तळपाय गादीला कुठे टेकलेत तिकडे लक्ष न्यायला सांगा, आणि चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा येऊ द्या. त्याने बरं वाटतं.

तुमच्यासाठी म्हणाल, तर अर्धा तास काढू नका, मिळणार नाही आणि मिळाला तर झोपा. रोज होणाऱ्या एखाद्या कामाला जप-ध्यान बांधा. लिफ्टची वाट बघणं, औषधाच्या दुकानातली रांग, भरवणं. पाय जमिनीवर, डोळे उघडे, श्वास सोडताना जरा लांबवायचा. म्हणायचं ते तुमच्या घरातलं असू द्या. बौद्ध घरातली एक मुलगी आईचे पाय चेपताना त्रिशरण-पंचशील म्हणायची. तिला कुणी सुचवलं होतं, की इगतपुरीला जाऊन दहा दिवसांचं विपश्यना शिबिर कर. शिबिर चांगलंच, पण आई वॉर्डात असताना नव्हे. एका मुस्लीम आजोबांना वाटत होतं, की पाण्याने वजू (नमाजाआधीची शुद्धी) करता येत नाही म्हणून आपली नमाज गेली. त्यांच्या मौलवींशी फोनवर बोलणं करून दिलं, तर त्यांनी तयम्मुमची, म्हणजे पाण्याऐवजी स्वच्छ मातीने करायच्या शुद्धीची आठवण करून दिली, आणि आजोबा खाटेवर पडल्या पडल्या नमाज पढू लागले. अशा वेळी समुपदेशकाचं काम फोन लावून देण्याचं. धर्म शिकवायला आपण बसलेलो नाही.

आणि राग, झोप उडणं, ‘आपणच संपून जावं’ असं वाटणं हे दिवसेंदिवस हटत नसेल, तर जप वाढवू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा, मराठीतही बोलता येतं.

शेवटी नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न. बोलत नसलेल्या रुग्णाच्या उशाशी जपाचं यंत्र लावून ठेवावं का? सांगता येत असेल तोवर त्यालाच विचारा. आवाज बारीक ठेवा, दिवसभर चालू ठेवू नका, शेजारच्या खाटेचीही परवानगी घ्या. आमच्याकडे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते, जिभेची शस्त्रक्रिया झालेले. मुलाने भक्तिभावाने यंत्र लावलं होतं. मी पाटी पुढे केली, तर त्यांनी लिहिलं, ‘हे बंद कर. मॅच चालू आहे ना?’ मुलगा ओशाळला, मग मोबाइलवर कॉमेंट्री लावली. ड्रायव्हरसाहेब आउट झालेल्या प्रत्येक फलंदाजाचं नाव पाटीवर लिहून त्यापुढे शेरा मारत होते. तो शेरा इथे छापण्यासारखा नाही.