कायदे असूनही सह्याद्रीतल्या दुर्मीळ औषधी वनस्पती का तोडल्या जातात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. इतके कायदे असताना तोड का थांबत नाही, आणि औषध कंपन्या या झाडांची सरळ लागवड का करत नाहीत? मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा-चंदगडकडच्या रानात विद्यार्थ्यांना घेऊन जाणं होतं, त्यामुळे तिथल्या एकाच झाडावरून सांगतो: नरक्या.

हे फार मोठं न होणारं झाड. फुलं पिवळसर, त्यांना घाण वास. फळ पिकलं की काळपट जांभळं. 1966 मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी (हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे) यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. काही वर्षांत तेच द्रव्य नरक्यातही सापडलं. त्यापासून तयार झालेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कॅन्सरवरची औषधं 1996 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि आपल्या रानातल्या नरक्याला गिऱ्हाईक मिळालं.

हे द्रव्य सुक्या लाकडात हजारात एक ते तीन भाग, एवढंच असतं. म्हणून माल टनावारी लागतो. लागवड करायची तर जमीन अडकवून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. रानातल्या लाकडाला मात्र तोडणीची मजुरी आणि टेम्पोभाडं सोडलं तर खर्च नाही. झाड वाढायला लागलेल्या वर्षांचे पैसे कुणीच मोजत नाही. हा फरक आहे तोवर लागवडीचा माल भावात टिकणार नाही.

खरं तर नरक्या चिवट आहे. बुंधा राखून तोडला तर त्याला पुन्हा फुटवे येतात. पण मुळांमध्ये द्रव्य जास्त, म्हणून खणून काढतात. तोड होऊन गेलेल्या जागी खड्डा दिसतो, कडेला सालीचे तुकडे पडलेले असतात आणि फुटायला काही उरलेलं नसतं. शिवाय द्रव्याचं प्रमाण झाडागणिक बदलतं. तोडणाऱ्याला ते बाहेरून कळत नाही, म्हणून तो सरसकट तोडतो. त्यात पुढच्या लागवडीसाठी बियाणं म्हणून राखायला हवी होती, ती सरस झाडंही जातात. मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते.

आता कायदा. माल पकडला की सापडतो तो तोडणारा मजूर, फार तर टेम्पोचा ड्रायव्हर. खरेदीदार दूर शहरात असतो, त्याच्याकडचे कागद चोख. जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद) असते, व्यापारी वापरातून गावाला वाटा मिळावा अशी तरतूद आहे. राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने) जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर या नोंदवह्या घाईघाईत उरकल्या गेल्या. शेजारच्या दोन गावांच्या नोंदवह्यांत वनस्पतींची यादी शब्दशः सारखी असलेली मी पाहिली आहे, आणि दोन्हींत नरक्या नव्हता. 2023 च्या दुरुस्तीनंतर तर या कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षाही गेली, आता फक्त दंड.

राजकारण चालतं ते पश्चिम घाटाचा, म्हणजे सह्याद्रीचा, किती भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करायचा यावरून. गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा. 2014 पासून केंद्राच्या अधिसूचनेचे मसुद्यावर मसुदे निघाले. जुलै 2024 मधला सहावा. त्यात बंदी आहे ती खाणी, औष्णिक वीज, अतिप्रदूषक कारखाने, मोठी बांधकामं यांवर. गावात मात्र सांगितलं जातं की तुमची शेती बंद होणार. लोक घाबरून विरोध करतात आणि त्या विरोधाआड खाणवाल्यांचं आयतं फावतं. तरीही माझं मत असं, की हा मसुदा उद्या अंतिम झाला तरी तेवढ्यानं नरक्या वाचणार नाही. तो मालकीच्या रानातही आहे, आणि मालकाला आज तो विकण्यातच चार पैसे दिसतात. किती तोडायचं, कसं तोडायचं आणि कोणत्या भावानं द्यायचं हे ग्रामसभेनं ठरवलं, खरेदीदाराला माल कुठल्या गावचा हे दाखवणं भाग पडलं, तर मालकालाही झाड राखण्यात फायदा दिसेल.

तुम्हाला स्वतः काही करायचं असेल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) तुमच्या गावची नोंदवही मागा. रानात वावरणारं एखादं जाणतं माणूस सोबत घेऊन ती वाचा आणि जी झाडं सुटली असतील ती पुढच्या ग्रामसभेत लिहून घ्यायला लावा.