पाडायच्या आधी गोठा मोजून घ्या

दिवाळीनंतर गावचा सात खणी (दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण) गोठा पाडून तिथं पत्र्याची शेड होणार, शेजारची मोटेची विहीरही बुजवणार, हाताशी चार दिवस आहेत, तर फोटो काढून ठेवले की पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. आमचा गोठा पाडला तेव्हा मी दोनशेच्या वर फोटो काढले होते. आज त्यातली कुठली मेढ, म्हणजे लाकडी खांब, कुठल्या खणातली, हे मलाच सांगता येत नाही. फार वाईट वाटतं.

सुरुवात खडूनं करा. दारापासून प्रत्येक खांबावर नंबर घाला आणि तोच नंबर वहीत लिहा, फोटोतही येऊ द्या. मग टेप. चारी भिंती मोजल्या की दोन्ही कर्ण मोजाच. जुना गोठा काटकोनात क्वचितच असतो आणि कर्ण नसले तर घरी बसून नकाशा जुळत नाही. उंची तीन ठिकाणी घ्या: आढं (छपराचा माथा), वळचण (छपराची खालची कड), गव्हाणीचा काठ. फोटोत फुटाफुटावर खुणा केलेली काठी उभी करा. फ्लॅश नको, बॅटरी बाजूनं तिरकी धरा, म्हणजे लाकडावरचे तासल्याचे घाव उठून दिसतात.

तुळईत रिकामी, बिनकामाची खाच दिसली तर ते लाकूड बहुतेक आधीच्या एखाद्या इमारतीतलं असतं. तिचा फोटो जवळून घ्या. मंगळुरी कौलं असतील तर उलटून छाप बघा. फक्त 'बासेल मिशन, १८६५' वाचून गोठा तेवढा जुना समजू नका, ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे.

विहिरीवर थारोळं (मोटेचं पाणी पडायचं ते कुंड) आणि काठाच्या दगडात दोरानं पडलेल्या घळी टिपा, आणि धाव, म्हणजे मोट ओढताना बैल चालत ती उतरती वाट, मोजायला विसरू नका. बैल जेवढे उतरत तेवढी मोट वर येई. त्यामुळे धावेच्या लांबीवरून तेव्हा पाणी किती खोल होतं याचा अंदाज बांधता येतो. विहीर बुजली तरी हा आकडा तुमच्याकडे राहील. आत मात्र उतरू नका.

कागद नंतरही मिळतील: ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंद), आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विहिरीतला हिस्सा.

तुमचे चुलते ऐंशीच्या पुढचे आहेत म्हणालात. त्यांना अंगणात खुर्चीवर बसवून विचारू नका, गोठ्यात घेऊन जा. आमच्या आत्याला अंगणात विचारलं तर म्हणाली, "काय, बैल होते, म्हस होती." आत नेली तशी तिसऱ्या गव्हाणीपाशी थांबली. जनावरांच्या मानेनं काठ गुळगुळीत झाला होता, त्यावर हात ठेवून म्हणाली, "हितं ढवळ्या. म्हस त्या भिंतीकडं, लाथ मारायची म्हणून." मग काजळी धरलेली देवळी दाखवली, शेण बाहेर टाकायची खिडकी दाखवली. त्या गोठ्यातलं आज मला जे पक्कं ठाऊक आहे ते तिनं सांगितलेलं.

चुलत्यांना सकाळी, दारातून ऊन आत येत असताना न्या. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि ते जिथं थांबतील तिथल्या खांबाचा नंबर तुम्ही मोठ्यानं म्हणा.