रनवे सहा तास बंद ठेवून नेमकं करतात काय?

प्रश्न : मे महिन्यात आमच्या मुंबई-नागपूर फ्लाइटची दुपारची वेळ बदलून रात्रीची केली, कारण काय तर रनवेची पावसाळ्याआधीची दुरुस्ती. दरवर्षी हेच चालतं. एकदाच काय तो पक्का रनवे का बांधत नाहीत?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अहो, पक्काच असतो तो! फक्त वरचा थर झिजायलाच ठेवलेला असतो. मुंबईत 09/27 (मुख्य) आणि 14/32 या क्रमांकांचे दोन रनवे आहेत आणि ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे छेदाजवळ काम काढलं की दोन्ही बंद करावे लागतात. 2024 ला 9 मे आणि 2025 ला 8 मे, दोन्ही वेळा सकाळी 11 ते संध्याकाळी 5 बंद होते, आणि तारीख आधीच जाहीर झालेली होती.

आता त्या सहा तासांत काय करतात? डांबराला विमानापेक्षा ऊन आणि पाणी जास्त नडतं. उन्हाने डांबर वर्षानुवर्षं कडक होत जातं, मग केसाएवढ्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत शिरलं की खडीवरचं डांबर सुटायला लागतं, खालचा थर मऊ पडतो, आणि वरून विमानाचं चाक गेलं की खडी निखळते. सुटी खडी इंजिनात गेली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून मे महिन्यात चालत जाऊन सगळा रनवे बघायचा, भेगा साफ करून त्यात गरम सीलंट (भेगा बुजवायचा चिकट माल) भरायचं, कडेचे निचऱ्याचे मार्ग मोकळे करायचे. दिसायला अगदी फुटकळ काम, पण माझ्या मते रनवेचं आयुष्य वाढवायचा याहून स्वस्त आणि पर्यावरणाला कमी त्रासाचा उपाय नाही, कारण भेग वेळेवर बुजवली तर हजारो टन नवी खडी आणि डांबर लागतच नाही.

तरी दहा-पंधरा वर्षांनी वरचा थर बदलावाच लागतो. तेव्हाही अख्खा रनवे उखडत नाहीत, मिलिंग मशीनने वरचे काही सेंटीमीटर खरवडून नवा थर टाकतात, खालचा पाया तसाच. मुंबईच्या मुख्य रनवेचं असं रीकार्पेटिंग नोव्हेंबर 2019 ते मार्च 2020 चाललं, दिवसा 9.30 ते 5.30 रनवे बंद आणि मग पुन्हा विमानं सुरू! यात गंमत अशी की रोज काम जिथे थांबेल तिथे नव्या-जुन्या थरात पायरी राहून चालत नाही, पाच सेंटीमीटरचा थर असेल तर पाच ते दहा मीटर लांबीचा तात्पुरता उतार करावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी तोच खरवडून पुढे जायचं. पुण्याला एकच रनवे, म्हणून तिथे ऑक्टोबर 2020 पासून वर्षभर रात्रीची विमानं बंद होती आणि शेवटी 16 ते 29 ऑक्टोबर 2021 पूर्ण विमानतळच बंद ठेवावा लागला. त्यापुढे सहा तास म्हणजे काहीच नाही.

खरवडलेला माल फेकायचा नसतो, ते चांगलं डांबर-खडीच असतं, कडेच्या पट्ट्यांना आणि आतल्या रस्त्यांना चालतं. वॉर्म मिक्स, म्हणजे कमी तापमानाला तयार होणारं डांबर-खडीचं मिश्रण, वापरलं तर डांबर 20-40 अंश कमी तापवावं लागतं, म्हणजे इंधन वाचतं आणि धूरही कमी.

प्रश्न : मग सिमेंटचाच करा ना, कटकट नको.
– सांगलीहून एक वाचक

उत्तर : जिथे विमान उभं राहतं तिथे बहुतेक ठिकाणी काँक्रीटच असतं, कारण उभ्या वजनाने डांबर दबतं आणि सांडलेल्या इंधनात ते विरघळतं. पण काँक्रीटची लादी बदलली की ती पक्की व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि गर्दीच्या विमानतळावर तेवढा वेळ कोण देणार?

प्रश्न : मोठी विमानं जास्त नुकसान करतात का? आणि रनवेवर ते काळे पट्टे कसले?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नुसतं वजन बघून फसायला होतं. बोइंग 777-300ईआर पूर्ण भरलं की 351 टनांचं होतं, पण त्याची मुख्य चाकं बारा. त्यामानाने छोटं वाटणारं ए321 निओ साधारण 97 टनांचं आणि मुख्य चाकं फक्त चार, म्हणजे एका चाकावर 20 टनांहून जास्तच, 777 च्या एका चाकापेक्षा फार कमी नाही. टायरचा दाब 200 पीएसआयच्या वर, तुमच्या गाडीचा 30-35. शिवाय जोरात पळणाऱ्या विमानाचं काही वजन पंखांनी उचललेलं असतं, त्यामुळे रनवेच्या मधल्या भागापेक्षा विमान हळू चालतं किंवा थांबतं ती टोकं आणि टॅक्सीवे (रनवेपर्यंत ये-जा करायचे रस्ते) लवकर दबतात.

काळे पट्टे टायरच्या रबराचे. विमान टेकताना चाक आधी घासतं मग फिरायला लागतं, त्यात वितळलेलं रबर चिकटून पाणी निचरायला पाडलेल्या बारीक खाचा बुजवतं आणि पावसात पकड कमी होते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ते काढतात, मात्र दाब जास्त झाला तर रबराबरोबर रनवेचा खडबडीतपणाही जातो, म्हणून आधी पकड मोजायची आणि गरज असेल तेवढंच धुवायचं.